आज रात्रीची झोप घालवेल अशी कादंबरी कशी निवडायची

बेळगावात कुणालाही विचारा सध्या काय वाचताय, दोनच उत्तरं येतात, एक तर 'वेळ कुठं मिळतोय ओ' नाहीतर कुठलं तरी जाडजूड मोठ्या नावाचं पुस्तक, ज्यातली खूण गेल्या शिमग्यापासून त्याच पानात अडकून पडलीय. खरं काय वाचायला आवडतंय ते कुणी सांगत नाही कारण सांगायची लाज वाटते. हेर, स्मगलर, तळघर, मंतरलेला वाडा, टाइमबॉम्ब, शेवटी दुष्ट मेला आणि हिरोच्या दंडाला गोळी चाटून गेली, बास. मला त्याची काही लाज वाटत नाही. उलट असल्या पुस्तकांतलं चांगलं कुठलं आणि टुकार कुठलं हे ओळखायची एक रीत असतीय, ती कुणी शिकवत नाही, म्हणून लिहून टाकतो. ज्यांचं वाचन सुटलंय, ज्यांनी रात्री अकराला मोबाईल हातात घेतला की दीड कधी वाजला कळत नाही आणि डोक्यात त्यातलं काहीच राहत नाही, आणि ज्यांची पोरं घरात मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात, अशांना हे कामाला येईल. बाकीच्यांनी सुमके, म्हणजे उगीच आपलं, वाचा.

शेवट माहीत असतोय तरी का वाचायचं

पहिला आक्षेप हाच येतोय की चांगला जिंकणार हे पहिल्या पानावरच कळतंय, मग तीनशे पानं कशाला घालवायची. अहो कळतंयच की. शिवजयंतीला आपल्याकडं चित्ररथ निघतात, त्यात कुठल्या ना कुठल्या मंडळाचा प्रतापगडचा देखावा असतोच, वाघनखं कुणाच्या हातात आहेत आणि पुढं काय होणार हे कडेवरच्या पोरालापण माहीत, तरी लोक पाय दुखेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि खान मिठीसाठी हात पसरतो त्या क्षणाला सगळी गर्दी गप्प होते. शेवट माहीत असल्यानं मजा जात नाही. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी लोकांना रहस्यकथा आणि धक्का देणाऱ्या शेवटाच्या कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून टाकला, आणि ज्यांना शेवट माहीत होता त्यांना कथा जास्त आवडल्या असं निघालं. नंतर दुसऱ्यांच्या अभ्यासात उलटंही निघालं, त्यामुळं हे काय ब्रह्मवाक्य नव्हं, पण 'शेवट फोडलास!' म्हणून मित्राशी भांडण्याइतकं ते काय मोठं नाही एवढं नक्की.

मग वाचतो कशासाठी, तर उशिरासाठी. दुष्टाला शिक्षा होणार हे ठरलेलं आहे, पण आत्ता होत नाहीय, अजून होत नाहीय, उलट त्याचंच चाललंय, ह्या ताणात मजा आहे. आणि मला कधीकधी वाटतं की आपल्या भागात ही पुस्तकं जरा जास्तच गोड लागतात त्याचं कारण पण तेच असणार. आपण काय जगतोय? १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नवीन झाली, सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा रिपोर्ट १९६७ चा, महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला २००४ ला, आणि अजून आपण 'पुढची तारीख' ऐकतोय. सातबाराच्या भांडणापासून भाऊबंदकीपर्यंत सगळ्याचं तेच, वकील म्हणतो बघू, तलाठी म्हणतो उद्या या, साहेब मीटिंगला गेलेत. असल्या माणसाला कुणी सांगितलं की इथंपण उशीरच आहे पण शेवटच्या पानापर्यंत निकाल लागतोच, लावून देतो, गॅरंटी, तर तो बस चुकली तरी पुस्तक खाली ठेवणार नाही. ह्याला कुणी पळवाट म्हणत असेल तर म्हणू दे. दिवसभर तंबाखूच्या वखारीत नाहीतर उद्यमबागच्या कारखान्यात मशीनवर उभं राहून आलेल्या माणसानं तीन तास दुसरीकडं कुठं तरी जाऊन यावं यात मला काहीच वाईट दिसत नाही.

तर निवडताना बघायचं हेच, की लेखकाला उशीर करता येतोय का. पानं वाढवणं वेगळं आणि उशीर करणं वेगळं. एक नमुनाच दाखवतो म्हणजे कळेल.

समजा रात्रीची वेळ, पाऊस, गोव्याकडनं चोर्ला घाट चढून एक टेम्पो वर येतोय, कणकुंबीला चेकपोस्ट. एक लेखक लिहील, पोलिसांनी टेम्पो थांबवला, ताडपत्री उचलली, काजूच्या पोत्यांमागं बंदुका, ड्रायव्हर पळाला, धाड धाड गोळ्या, संपलं. अर्ध्या पानात सगळा दारूगोळा उडवून हा मोकळा. दुसरा लेखक काय करेल बघा. ड्रायव्हरला माहीतच नाही मागं काय आहे, त्याच्या डोक्यात उद्या बहिणीला बघायला पावणे येणार आहेत आणि आईनं येताना नारळ आणायला सांगितलेत ते विसरलेत, एवढंच चाललंय. वाचकाला मात्र मागच्याच प्रकरणात सांगून ठेवलंय. पोलीस छत्री सावरत येतो, 'हिंद एनैती?', मागं काय आहे. 'काजू री साहेब.' 'दाखव.' ताडपत्रीची दोरी पावसात भिजून फुगलीय, गाठ सुटत नाही. पोलीस वैतागतो, टॉर्च तोंडात धरतो आणि स्वतःच नखांनी गाठ सोडायला लागतो, आता तुम्हाला वाटतंय सुटू नये, आणि सुटावीपण. तेवढ्यात टपरीवाला ओरडतो, साहेब चहा. पोलीस जातो. ड्रायव्हर हुश्श करून केबिनमध्ये बसतो, आरशात सहज बघतो, तर ताडपत्रीची दोरी खाली लोंबतीय. गाठ सुटलेली. पोलीस तर तिकडं चहा पितोय.

इथं प्रकरण संपवायचं. गोळी एकपण सुटली नाही आणि तुम्ही पान उलटणार. असं ज्याला जमतंय त्याचं पुस्तक घ्या, ज्याला गोळ्याच उडवायच्या आहेत त्याचं राहू दे.

दुकानात उभ्याउभ्या करायची टेस्ट

मागचं कव्हर वाचूच नका, तिथं सगळीच पुस्तकं 'श्वास रोखून धरायला लावणारी' असतात. पुस्तक मधनंच उघडायचं आणि दोनतीन प्रकरणांच्या फक्त शेवटच्या ओळी वाचायच्या. शेवटची ओळ 'आणि तो शांतपणे झोपी गेला' असली की खाली ठेवा. पण दर प्रकरणाच्या शेवटी किंचाळी, स्फोट, दार धाडकन उघडलं असलं असेल तरी ठेवा, कारण तो लेखक पुढच्या पानावर 'दारात मांजर होतं' असं करून तुम्हाला फसवणार आहे, आणि एकदा मांजर दाखवलेला लेखक पुन्हा दाखवतोच. चांगल्या ओळीत एक तर नवीन माहिती असते नाहीतर कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं, पुढं काय ते उघडं सोडलेलं.

मग खलनायक शोधा. हिरोकडं बघत बसू नका, हिरो सगळे सारखेच, उंच, कमी बोलणारे, पूर्वी कधीतरी काहीतरी झालेलं. पुस्तकाची उंची खलनायकाच्या उंचीएवढीच असतीय. साधारण पहिल्या पन्नास पानांत तो, किंवा त्याचं काम तरी, दिसलं पाहिजे आणि पहिला डाव त्यानं जिंकला पाहिजे, साधासुधा नव्हं, वाचकाला लागेल असा. आणि त्याला स्वतःला तो बरोबर वाटला पाहिजे. 'मी जगाचा नाश करणार हा हा हा' म्हणणाऱ्याची भीती कुणाला वाटतीय ओ? भीती कुणाची वाटते, तर जो शांतपणे, चहा पुढं सरकवत, मोडी लिपीतली जुनी कागदपत्रं तुमच्यासमोर ठेवून सांगतो की ही जमीन माझ्या आज्याची, तुमच्या आज्यानं फसवून घेतली, मी फक्त परत घेतोय, आणि त्यासाठी तो काय काय करायला तयार आहे ते तुम्हाला हळूहळू कळायला लागतं. चांगल्या-वाईटाची लढाई म्हणजे वाईटाला डोकं नसलंच पाहिजे असं काय नाही.

तिसरं म्हणजे घड्याळ. अमावस्या, बोट सुटायची वेळ, पोराचं इन्सुलिन संपायची वेळ, पंतप्रधान येणार ती तारीख, काही का असेना, पण कधीपर्यंत हे ठरलेलं पाहिजे आणि ते मधेमधे आठवत राहिलं पाहिजे. ज्या पुस्तकात वेळेचं बंधन नाही तिथं हिरोइन शंभराव्या पानावर महाबळेश्वरला जाते. समजून घ्या.

आणि एक टेस्ट जी आपल्याकडच्या माणसानं मुद्दाम करावी. खलनायक कोण आहे, कुठल्या भाषेचा, कुठल्या धर्माचा, कुठल्या रंगाचा, आणि फक्त तेवढ्यावरनंच तो वाईट ठरलाय का? ह्या प्रकारच्या पुस्तकांची ही जुनी खोड आहे, इंग्रजी पुस्तकांत कधी रशियन, कधी चिनी, कधी अरब, आपल्या जुन्या पुस्तकांत काळा, पिंगट डोळ्यांचा, चेहऱ्यावर व्रण. सीमाभागात तर मोह फार सोपा आहे, मराठी पोरानं लिहिलेल्या गोष्टीत दुष्ट इन्स्पेक्टर कन्नड बोलणार आणि कन्नड पोराच्या गोष्टीत गुंड मराठी. मला हे सज्जनपणासाठी सांगायचं नाही, सरळ कारागिरीचा मुद्दा आहे. खलनायक कोण हे आडनावावरनं कळलं तर संशय घ्यायला उरलं काय? सगळ्यात जास्त हादरा बसतो तो आपल्याच गल्लीतला, गणपतीत आपल्याच मंडळाची वर्गणी गोळा करणारा, आपल्यासारखंच 'काय ओ' म्हणणारा माणूस निघाला तर. असा खलनायक शेजारच्या घरात ठेवायला हिंमत लागते, आणि ज्या लेखकाकडं ती आहे तो बाकीचंपण नीट लिहितो असा माझा अनुभव आहे.

तुमची भूक कुठली ते ओळखा

थ्रिलर म्हटलं की सगळं एकच समजतात आणि मग निराश होतात. कोडं आवडणाऱ्याच्या हातात कमांडो दिला की तो म्हणतो यात डोकं कुठं आहे, आणि मारामारी आवडणाऱ्याला कोडं दिलं की सत्तराव्या पानावर घोरतो.

निव्वळ पळवणारं, चांगला चांगला आणि वाईट वाईट असं हवं असेल तर मराठीत आपली परंपरा जुनी आणि लांबलचक आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड आपल्या आज्या-पणज्यांच्या उशाखाली असायचे. गुरुनाथ नाईक गोव्याचे, त्यांनीपण शेकड्यांनी लिहिल्या. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद ज्यांनी शाळेत असताना बाकाखाली धरून वाचलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ह्यात साहित्य किती हा प्रश्न विचारूच नका, वेग किती ते बघा, दुसऱ्याच पानावर कुणीतरी मरतं आणि सत्तराव्या पानावर सगळा हिशोब चुकता. आजच्या तीनशे-साडेतीनशे पानांच्या भाषांतरित जाड्या पुस्तकांपेक्षा ही बारकी पुस्तकं सुरुवातीला बरी, कारण संपतात.

भीती हवी असेल तर नारायण धारप. त्यांचा समर्थ म्हणजे ह्या प्रकाराचा अगदी शुद्ध नमुना, एका बाजूला अमंगळ काहीतरी आणि दुसऱ्या बाजूला एक शांत माणूस. त्यातली गंमत अशी की भुताआधी आपल्याला एक साधं घर दिसतं, तिथला जिना, माळा, स्वयंपाकघर, नवराबायकोचं किरकोळ भांडण, आणि ते घर एकदा आपलं वाटलं की मग त्याच्या माळ्यावर काहीतरी आहे म्हटल्यावर आपण आपल्या माळ्याकडं बघतो. जांबोटी, कणकुंबी साइडला राहणाऱ्यांनी पावसाळ्यात लाइट गेल्यावर धारप वाचून बघा आणि मग मला सांगा.

आणि कन्नड वाचता येत असेल, आपल्याकडं बऱ्याच जणांना येतंयच, तर तिकडंपण अख्खं भांडार आहे, पत्तेदारी, म्हणजे गुप्तहेरांच्या, कादंबऱ्या म्हणतात. एन. नरसिंहय्या म्हणून होते, शाळा फार शिकलेले नव्हते पण शेकडो कादंबऱ्या लिहिल्या, त्यांचा पत्तेदार पुरुषोत्तम म्हणजे तिकडचा झुंजारच म्हणा. ज्या गावात दोन भाषांतले हेर फुकट मिळतात तिथं एकाच भाषेतला वाचायचा म्हणजे जेवणाच्या ताटातला कुंदा तसाच ठेवून उठल्यासारखं आहे.

एक सावधगिरी मात्र. जुन्या पुस्तकांत बायकांचं काम म्हणजे किंचाळणं, बेशुद्ध पडणं आणि पळवून नेलं जाणं, एवढंच. आज वाचताना ते खटकतं आणि खटकलंच पाहिजे. मी ते पान भराभर उलटतो, माझी भाची मात्र तिथं थांबून मोठ्यानं हसते, म्हणते मामा ही बाई तीनदा बेशुद्ध पडली, हिला डॉक्टरकडं न्या की.

वाचायची पण पद्धत असतीय

लोक हे चुकतात. असली कादंबरी रोज दोन पानं अशी औषधासारखी वाचायची नसते. ती एका नाहीतर फार तर दोन बैठकीत संपवायची, कारण लेखकानं ती तशीच बांधलेली असते, पंचवीसाव्या पानावरची किल्ली दोनशेव्या पानावर कुलपाला लागते, आणि मधे तुम्ही आठवडा घालवलात तर किल्ली कुणाची होती हे आठवायला परत मागं. म्हणून शनिवारची रात्र, नाहीतर प्रवास. बेळगाव-कोल्हापूर एसटीला खिडकीची सीट मिळाली तर बारकं पॉकेटबुक निपाणीच्या पुढं आरामात संपतंय, फक्त कोगनोळीच्या नाक्याला गाडी थांबली की मान वर करून बघा, नाहीतर उतरायचं राहील. रेल्वेत त्याहून बरं, लोंढ्याच्या पुढं जंगल सुरू झालं की मोबाईलची रेंज स्वतःच सोडून जाते.

रेंजवरनं आठवलं. वाचताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वाचताना मधेच 'खरंच असं विष असतं काय' म्हणून सर्च करायला गेलात की तुम्ही परत आलातच नाही समजा. आणि इथंच माझा एक नियम आहे, एक थाप माफ. प्रत्येक अशा कादंबरीत एक मोठी थाप असणारच, तळघर कुणाला इतकी वर्षं कसं दिसलं नाही, एकट्यानं बारा जणांना कसं लोळवलं, बेळगावहून पणजीला पाऊण तासात कसा पोचला. एक थाप गुपचूप गिळायची, तक्रार करायची नाही, तो तिकिटाचा पैसा. दुसरी थाप आली की भुवई वर करा. तिसरी आली आणि तीपण हिरोला वाचवायलाच आली, तर पुस्तक बंद करा, अपराधी वाटून घेऊ नका, अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला कुणी केस घालत नाही. थाप हिरोला अडचणीत टाकायला मारली तर चालते, बाहेर काढायला मारली तर नाही. योगायोगानं खलनायक समोर आला, चालेल. योगायोगानं पोलीस वेळेवर आले, अजिबात चालणार नाही. कुठल्या गावात येतात ओ?

परदेशी हेरकथा भाषांतरात वाचत असाल तर नावांचा गोंधळ होतो, इव्हान कुठला आणि इगोर कुठला, तर खुणेच्या कागदावरच नावं लिहीत जा, नावापुढं दोन शब्द, 'टकला, खोटं बोलतो' एवढं बास. भाषांतर कसलं आहे ते पहिल्या पानावरचे संवाद मोठ्यानं वाचून बघायचे, गुंड जर 'अरे देवा, तू तर मला आश्चर्यचकितच केलेस' असं बोलत असेल तर ते पुस्तक कितीही गाजलेलं असू दे, मराठीत ते मेलेलं आहे.

मारामारीची पानं भराभर वाचली तरी चालतात, डोळे वरनं खाली सोडायचे. पण संवाद आणि जागेचं वर्णन भराभर वाचू नका, पुरावा तिथंच लपवलेला असतो, विशेषतः तीन वस्तूंची यादी आली की मधली वस्तू बघा. टेबलावर पेन, औषधाची बाटली आणि वर्तमानपत्र होतं म्हटलं की बाटली. ही लेखकांची सगळ्यात जुनी सवय आहे आणि अजून चालते.

पोरांच्या हातात द्यायचं असेल तर

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडं कितीतरी पोरं कन्नड नाहीतर इंग्लिश मीडियमची, मराठी घरात, गल्लीत, देवळात, पण कागदावर नाही. हिंदीमुळं अक्षरं येतात, पण वाचायचा स्पीड नसतो, एक ओळ वाचेपर्यंत मागची विसरते आणि मग मराठी पुस्तक म्हणजे शिक्षा. अशा पोराला तुम्ही थोर पुरुषाचं चरित्र दिलंत तर ते मराठीपासून कायमचं लांब गेलं समजा. भाषा चांगली की नाही ते नंतर बघू, आधी पान उलटायची घाई लागली पाहिजे. घाई लागली की अडलेला शब्द पोर स्वतःच अंदाजानं ओलांडतं, आणि वाचायचा वेग येतो तो ह्यातनंच.

करायचं काय, तर बारकी प्रकरणं, मोठा टाईप, खूप संवाद असलेलं पुस्तक घ्या आणि पहिली दोन प्रकरणं तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवा, रात्री, जेवण झाल्यावर. तिसऱ्या प्रकरणाच्या मधे, अगदी गाठ सुटायच्या वेळेला, 'मला झोप आली' म्हणून पुस्तक तिथंच ठेवून उठा. खरंच उठा हं, दया येऊ देऊ नका. पुस्तक पोराच्या हाताला लागेल असं ठेवा आणि लाइट चालू ठेवा. सकाळी 'किती वाचलंस' असं विचारायचं नाही, शब्दांचे अर्थ तर मुळीच नाही. त्याऐवजी विचारा, तुला कुणावर संशय आहे? एवढ्यावर पोर दहा मिनिटं मराठीत बोलतं आणि पुरावे देतं. फास्टर फेणेनं आमच्या पिढीला हेच केलं, सायकलवर बसवलं आणि ढकलून दिलं.

रक्तपात किती चालेल हे पोरागणिक वेगळं, पण माझं मत असं की सातवी-आठवीच्या पोराला खून चालतो, छळ नाही. खून झालेला असू दे, तो कसा झाला ते चवीनं सांगणारं पुस्तक नको. धारप जरा थांबून द्या, आणि द्यायचेच तर दिवसा.

म्हाताऱ्या माणसांचं निराळंच, आवड असते पण डोळे साथ देत नाहीत. त्यांना मोबाईलवर ऑडिओ लावून द्या, स्टोरीटेलवर मराठी भरपूर आहे, फक्त आवाज चांगला असलेला वाचक निवडा आणि झोपायच्या वेळेचा टायमर लावा, नाहीतर आजी झोपते आणि खुनी पकडला जातो.

पुस्तकं मिळणार कुठं

नवीन घेण्याआधी वाचनालय बघा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय आहे, टिळकवाडी-शहापूर धरून ठिकठिकाणी, आणि खेड्यांतपण बऱ्याच ठिकाणी मराठी वाचनालयं आहेत, काही चालू, काही कुलूप लावलेली, चौकशी करा, किल्ली कुणाच्या तरी घरी असतेच. रहस्यकथा सहसा दर्शनी कपाटात नसतात, मागच्या खोलीत गठ्ठ्यात बांधलेल्या असतात कारण ग्रंथपालांना वाटतं त्या कुणी मागत नाही, आणि लोक मागत नाहीत कारण त्या दिसत नाहीत. सरळ विचारायचं, 'काका, झुंजार आहे काय?' काकांचा चेहरा बदलतो बघा. थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूरला साहित्य संमेलनं होतात, तिथं पुस्तकांचे स्टॉल लागतात, भाषणं चालू असताना स्टॉलवर गर्दी कमी असते तेव्हा जा, निवांत टेस्ट करता येते.

जुन्या बाजारात, रद्दीवाल्याकडं घेत असाल तर घासाघीस करायच्या आधी एकच काम करा, पानांचे नंबर शेवटपर्यंत तपासा. जुनी पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांनी शिवलेली असतात, दोरा तुटला की एक अख्खा फॉर्मा गळतो आणि बऱ्याचदा नेमका शेवटचाच गळतो, कारण तो कव्हरला लागून असतो. शेवटची सोळा पानं नसलेलं पुस्तक रद्दीवाला किलोच्या भावानं देतो, आणि द्यायलाच पाहिजे. तरी घ्यायचंच असेल तर दुसरी प्रत कुणाकडं आहे ते आधी विचारून ठेवा, आणि तो माणूस रात्री दीडला फोन उचलतोय का तेपण.